आधी उघडून तर बघा!

दोन महिन्यांपूर्वी आमच्या मिरजेत दहावी-बारावीच्या मुलामुलींचा गुणगौरव झाला. हॉल भरला होता. प्रमुख पाहुणे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झालेले, आपल्याच समाजातले. कळकळीचा माणूस. कळकळीनंच ते म्हणाले, "आपली पोरं मोबाइल रिपेअरिंगच्या टपऱ्यांवर आयुष्य वाया घालवतायत. स्क्रू ड्रायव्हर सोडा, कीबोर्ड हातात धरा. टेक्नॉलॉजीत या!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं आणि आभार मानताना कुणी वाद घालत नाही.

पण हॉलच्या शेवटच्या रांगेत माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा सत्कार होता, म्हणून दुकान बंद करून आला होता. स्टेशन रस्त्याला त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. पाहुण्यांचं ते वाक्य ऐकून त्यानं मान खाली घातली, ती मी व्यासपीठावरून पाहिली. घरी जाताना स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी जे बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, ते आता लिहितो आहे.

हा मुलगा बारावी नापास. मी त्याला संगणक शिकवला होता, म्हणजे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट शिकवलं होतं. आज तो मायक्रोस्कोपखाली तांदळाच्या दाण्याहून लहान भाग उचलतो. मल्टिमीटर लावून शॉर्टिंग कुठे आहे ते शोधतो. तुटलेल्या ट्रॅकवर केसासारखी तार ओढून जंपर मारतो. आयसी काढून, तिच्या पोटाखालचे कथलाचे ठिपके नव्यानं बसवून परत लावतो. बोर्डाचा नकाशा तो वर्तमानपत्रासारखा वाचतो. आणि पाहुणे त्याला म्हणतात, टेक्नॉलॉजीत ये. मग तो आत्ता कुठे आहे, भाजी मंडईत?

गंमत बघा. पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या मेळाव्यात लॅपटॉपवर स्टिकर चिकटवलेला तरुण म्हणतो, "मी माझ्या फोनवर कस्टम रॉम फ्लॅश केला." लोक त्याला गीक म्हणतात, हॅकर म्हणतात, कौतुकानं म्हणतात. माझा विद्यार्थी तेच काम करतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "काका, सॉफ्टवेअर मारायला लागेल." त्याला आपण मिस्त्री म्हणतो. दोघांचं कामही एक आणि केबलही एकच. फरक भाषेचा, कपड्यांचा आणि आडनावाचा.

सच्चर समितीनं २००६ सालीच नोंदवलं होतं की मुस्लिम समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे. त्यात कारागिरी आली, दुरुस्ती आली, हातगाडीही आली. या आकड्याकडे आपण फक्त मागासलेपणाचा पुरावा म्हणून पाहिलं. नोकऱ्यांची दारं बंद होती हे खरंच आहे आणि ती उघडण्यासाठी भांडलंच पाहिजे. पण बंद दारांच्या बाहेर बसून या लोकांनी जे ज्ञान कमावलं, ते ज्ञान आहे असं मानायला आपण आजही तयार नाही.

माझे मामू रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी दुकानात. नवीन सेट आला की मी विचारायचो, "मामू, इसको क्या हुआ?" मामूंचं उत्तर ठरलेलं, "पहले खोल, फिर बोल." मागचा पुठ्ठा काढला की बऱ्याच जुन्या रेडिओंत आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कुठला भाग कुठे, किती किमतीचा, सगळं छापलेलं. कंपनीनंच तो दिलेला असे. कंपनीला ठाऊक होतं की हा रेडिओ कधीतरी बिघडणार आणि कुठल्यातरी गावातला कुणीतरी मामू तो उघडणार. त्या कागदावर मी इंग्रजी वाचायला शिकलो, शाळेच्या पुस्तकावर नव्हे.

दुरुस्तीला खालचं काम समजणाऱ्यांनी मिरजेचाच इतिहास पाहावा. आमच्या गावची सतार आणि तंबोरा देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ही वाद्यं घडवणारी घराणी मुळातली शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस संपत आले. मिरज संस्थानात गवयांची वर्दळ होती, त्यांची वाद्यं बिघडायची, ती नीट करायला बारीक कामाचा हात हवा होता. फरीदसाहेब आणि त्यांच्या नात्यातल्या कारागिरांनी दुरुस्ती करता करता वाद्य आतून ओळखलं आणि मग स्वतः घडवायला घेतलं. दुरुस्तीतून निर्मिती, असा हा रस्ता आहे. भोपळा चिरून आत पाहायला बंदी असती, तर मिरजेत एकही सतार झाली नसती.

नेमका हाच रस्ता आज बंद केला जातोय. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

ज्याला आज ओपन सोर्स म्हणतात त्या चळवळीची सुरुवातही एका मिस्त्रीच्या रागातून झाली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यानं स्वतः बदल केला होता. कागद अडकला की संबंधितांच्या संगणकावर निरोप यायचा. मग १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनीनं दिलेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमननं मागितला, त्यानं नकार दिला, कारण गुप्ततेच्या करारावर सही केली होती. दुरुस्त करणारा समोर उभा, बिघाड माहीत, आणि तरी हात लावता येत नाही! १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम वापरता यावा, उघडून अभ्यासता यावा, बदलता यावा, वाटता यावा, एवढीच मागणी. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे त्याच परवान्याखाली खुला केला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. पाहुण्यांच्या खिशातला फोनही अँड्रॉइड असेल, तर त्यांना कल्पना नसेल, पण ते याच उघडण्याच्या हट्टावर चालतायत.

आता दुसरी बाजू पाहा. माझ्या भाचीच्या फोनची काच फुटली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, बंद पडलेल्या फोनमधली अस्सल काच काढून माझ्या विद्यार्थ्यानं बसवली. फोन सुरू झाला आणि पडद्यावर सूचना आली, या भागाच्या अस्सलपणाची खात्री करता येत नाही. काच तीच, कंपनी तीच. फक्त लावणारा हात कंपनीच्या यादीत नाही. त्या सूचनेनं भाचीच्या आईच्या मनात संशय आला की पोरानं नकली माल लावला. म्हणजे कुलूप नुसतं फोनला नाही, दुकानदाराच्या इभ्रतीलाही लावलंय.

हे एकट्याचं रडगाणं नाही. ॲपलच्या फोनचं होम बटन बाहेरच्या दुकानात बदललं की पुढच्या अपडेटनंतर 'एरर ५३' दाखवून फोन ठार बंद पडत होते. २०१६ मध्ये बोंब झाल्यावर कंपनीनं माफी मागितली आणि उपाय दिला. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं या प्रकरणात ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर तर कोट्यवधींचा ट्रॅक्टर शेतात उभा करून कंपनीच्या माणसाची वाट पाहायची पाळी आली, कारण ट्रॅक्टरच्या संगणकाला बाहेरचा माणूस चालत नाही. शेवटी कोलोराडो राज्यानं २०२३ मध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. युरोपीय संघानं नियम केलाय की २०२७ पासून फोनसारख्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात 'राइट टु रिपेअर'चं संकेतस्थळही सुरू केलं. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. तिथे कंपन्या आपल्या मर्जीनं माहिती देतात आणि स्टेशन रस्त्यावरच्या टपरीला तिचा उपयोग किती, ते टपरीवर जाऊन विचारावं.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, सुरक्षितता. उघडलं तर धोका. मी उलट विचारतो, बंद ठेवलं म्हणून कोण सुरक्षित राहिलं? फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती सभ्य वागायची. रस्त्यावर आली की पुन्हा धूर. २०१५ मध्ये हे उघड झालं तेव्हा जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. वर्षानुवर्षं यंत्र खोटं बोलत होतं आणि आत पाहायची कुणाला परवानगी नव्हती.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लबाडी होत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या खुल्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी शिताफीनं चोरदरवाजा बसवल्याचं उघडकीस आलं. जगभरातल्या सर्व्हरमध्ये तो शिरणार होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! तो खोदत गेला आणि मुळाशी पोहोचला, कारण खोदायला परवानगी होती. मामूंचीच रीत. आवाजात जरा फरक वाटला की पुठ्ठा काढायचा.

याच प्रकरणानं दुसरंही दाखवलं. तो प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला होता आणि बिनपगारी होता. म्हणूनच मदतीच्या मिषानं आलेल्या भामट्याचं फावलं. खुलं म्हणजे फुकट समजून अब्जावधींच्या कंपन्या एकेकट्या माणसाच्या कष्टावर उभ्या राहतात. तेव्हा गीक मंडळींनीही 'खुलं ते पवित्र' हा जप थांबवावा. आणि थोडी नम्रताही आणावी. नवख्यानं प्रश्न विचारला की 'आधी मॅन्युअल वाच' म्हणून हिडीसफिडीस करायची रीत त्यांच्यात आहे. खुद्द टोरवाल्ड्सला आपल्या शिवराळ ईमेलबद्दल २०१८ मध्ये जाहीर माफी मागावी लागली. जे ज्ञान कागदावर खुलं आहे पण ज्याच्या दारात इंग्रजी आणि तुच्छता पहाऱ्याला बसवलीय, ते कुणासाठी खुलं?

कंपन्या झाल्या, गीक झाले. आता आपण आपल्या घरात येऊ. इथे काही जण रागावतील, रागवावं.

पहिली गोष्ट चोरीच्या सॉफ्टवेअरची. आपल्या शाळा, संस्था, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे चोरून घेतलेली विंडोज आणि चोरून घेतलेला फोटोशॉप. 'फुकट मिळतंय, मग लिनक्स कशाला?' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. चोरीची किल्ली वापरून दुसऱ्याच्या घरात राहणं आणि स्वतःचं घर असणं, यात काही फरक आहे की नाही? चोरीच्या प्रतीत आत काय घातलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि सवय लागते ती त्याच कंपनीची, म्हणजे चोरी करूनही आपण तिचाच धंदा वाढवतो. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळांतली यंत्रं स्वतः हाताळतात. ते राज्य आपल्यापेक्षा श्रीमंत म्हणून नव्हे. त्यांनी ठरवलं म्हणून.

दुसरी गोष्ट आपल्या लेखनाची. आमच्या छोट्या वाचनालयानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी काढलेले वार्षिक अंक एका विकतच्या मराठी फाँटमध्ये टाइप केले होते. ती फाइल आज उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटनं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवली होती. ती फाँटची किल्ली हरवली, म्हणजे लेख गेले. त्यात तलाकपीडित बायकांच्या मुलाखती होत्या. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. छापील अंक शोधून मी त्या मुलाखती पुन्हा टाइप करतोय. युनिकोडसारखं सार्वजनिक मानक का हवं, हे मला तिथे कळलं. 'ॲ' हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. मानक सार्वजनिक होतं म्हणून मागणी करता आली आणि सगळ्या जगाच्या यंत्रांत ते पोहोचलं. मुक्त, बलू यांसारखे देखणे देवनागरी फाँट मुंबईच्या एक टाइपनं खुल्या परवान्याखाली दिलेत. तरी आपल्या संस्थांची पत्रकं अजून त्या जुन्याच फाँटांत निघतात. का? तर 'आमच्या ऑपरेटरला तेच येतं.'

तिसरी गोष्ट उस्तादांची. आपले कारागीरही ज्ञान दडवतात. शागीर्द पाच वर्षं चहा आणतो, झाडू मारतो, आणि महत्त्वाचं काम आलं की उस्ताद पाठ फिरवून करतो. कंपनी नकाशा देत नाही म्हणून शिव्या घालायच्या आणि आपण शोधलेली युक्ती शेजारच्या टपरीपासून लपवायची, हा कुठला न्याय? आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अल-जझरीची चित्रं फिरतात. रोबोटचा जनक आमचा होता म्हणून छाती फुगते. अल-जझरीनं १२०६ मध्ये काय केलं ते तरी पाहा. पाण्याची घड्याळं, पंप अशा सुमारे ५० यंत्रांची कृती त्यानं आकृत्यांसह लिहून ठेवली, दुसऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा करता यावं इतक्या बारकाव्यानं. त्याचा वारसा मिरवायचा असेल तर वही काढा आणि तुमची युक्ती लिहा. फॉरवर्ड करून वारसा चालत नाही.

चौथी गोष्ट सांगताना माझीच मान खाली जाते. मामूंच्या दुकानात मी रोज बसायचो. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार. घरातली इस्त्री, मिक्सर तीच उघडून नीट करायची. ती दुकानात एक दिवसही बसली नाही. कुणी मनाई केली नव्हती, पण तिच्यासाठी तिथे स्टूलच नव्हतं. आज मोबाइल दुरुस्तीच्या ओळीनं टपऱ्या पाहा आणि किती मुली दिसतात ते मोजा. आपल्या बायका फोन दुरुस्तीला देताना आतल्या फोटोंच्या काळजीनं घाबरतात आणि ती भीती निराधार नाही. सगळे मिस्त्री साधू नसतात. यावर उपाय कंपनीचं कुलूप नाही. मोहल्ल्यात स्वतः फोन उघडणाऱ्या चार मुली असणं हा उपाय आहे.

तर मागणी काय? सरकारकडे मागायचं ते साधं आहे: उपकरण विकताय तर नकाशा द्या, सुटे भाग द्या, आणि तिऱ्हाइतानं बसवलेला भाग सॉफ्टवेअरनं अडवू नका, हे कायद्यानं, संकेतस्थळानं नव्हे. जनतेच्या पैशातून जे सॉफ्टवेअर बनतं त्याचा सोर्स जनतेला दिसला पाहिजे. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५चं आहे, तरी करोनाकाळात आरोग्य सेतू ॲप कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये गेलं तेव्हा सोर्स बंदच होता. टीका झाल्यावर मे २०२० मध्ये अँड्रॉइड ॲपचा सोर्स खुला केला. आधी विश्वास ठेवा, मग उघडू, हा उलटा क्रम आहे.

आणि स्वतःकडे मागायचं ते याहून अवघड. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा मोफत आधार संपला आणि बरेच चालू संगणक भंगारात निघाले. त्यातले सहा आम्ही आणले, लिनक्स टाकलं, वाचनालयात मांडले. चालतायत. एकाचा पंखा कुरकुरतो, पण मुलं त्याच्यावरच भांडतात.

मागच्या आठवड्यात मी त्या विद्यार्थ्याच्या टपरीवर गेलो. तो रिक्षाचं परमिट काढायच्या विचारात होता. म्हणाला, "सर, नवीन फोनमध्ये हात घालायला जागाच ठेवत नाहीत. पाच वर्षांनी हा धंदा राहणार नाही." मी गुणगौरवाच्या दिवसाबद्दल माफी मागितली. त्याला ते अवघड झालं, त्यानं चहा मागवला. मग मी विचारलं, रविवारी वाचनालयात येऊन पोरांना शिकवशील का? "मी? सर, मी बारावी नापास." मी म्हटलं, मी बीएस्सी आहे, मला आयसी काढता येत नाही.

पहिल्या रविवारी तो बंद पडलेल्या फोनांचा खोका घेऊन आला. अकरा मुलं आणि तीन मुली. एकीनं पहिल्याच झटक्यात रिबीन तोडली आणि रडवेली झाली. तो म्हणाला, "मी पहिल्या वर्षात चाळीस तोडल्या," आणि दुसरा फोन तिच्यापुढे ठेवला.

गुणगौरवाच्या पाहुण्यांनाही मी निरोप धाडलाय. रविवारी सकाळी दहाला या. कीबोर्डचं तुम्ही शिकवा, स्क्रू ड्रायव्हरचं तो शिकवेल. येताना घरातलं बंद पडलेलं काहीतरी सोबत आणा.